दशकाकडून एक

मीटरमध्ये पैसे भरायचे ते शुक्रवारी,
पगार झाला की, कोपऱ्यावरच्या दुकानात.
आज बुधवार.
मीटरच्या पोटात दोन पौंड अडतीस.
शोना फ्रिज तेवढा चालू ठेवते, बाकी सगळं मालवते,
आणि मिरेनला म्हणते, चल, आज तंबूतली रात्र!
मिरेनला सात पूर्ण झालीत.
तिच्या लक्षात आलंय
तंबूच्या रात्री नेहमी महिनाअखेरीस येतात.

बाराव्या मजल्याच्या खिडकीखाली डंडी,
आणि टे नदीवरचा पूल, रात्रभर उजळलेला.
त्याचं बिल कोण भरतं?
आपणच, शोना म्हणते. थोडं थोडं.

सोफा भारी आहे मात्र.
करड्या मखमलीचा, कोपऱ्यात वळणारा.
पसंत केला क्रेगनं, सही केली शोनानं.
क्रेग अ‍ॅबर्डीनला गेला,
तिथून पुढे कुठे, ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही.
सोफा राहिला.
अजून सव्वीस हप्ते बसायचेत त्याच्यावर,
या दोघी बसून उरेल त्या जागेत.

मिरेनच्या जुन्या वहीत, मागच्या पानापासून, हिशेब:
भाडं.
कौन्सिल टॅक्स, यंदाचा, आणि गेल्या वर्षीचा राहिलेला.
वॉशिंग मशीन, आठवड्याला नऊ पौंड
(मशीनची किंमत केव्हाच फिटली, फिटत नाही ते व्याज).
बूट.
बूट खोडलेत. पुन्हा लिहिलेत. पुन्हा खोडलेत.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण पाय वाढतात, त्याला काय करायचं?
ऑगस्टात तेरा नंबर होता, आता एक.
इथे पोरांच्या बुटांचे नंबर तेरापर्यंत जातात
आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात.
बाकी कशाचेच होत नाहीत.

आणि पावाच्या डब्यामागे पाकिटं.
न उघडल्यानं आतला आकडा थांबतो
इतकी खुळी ती नाही.
पण बंद पाकीट निदान बोलत तरी नाही.

गुरुवारी लायब्ररीत, मुलांच्या पुस्तकांमागच्या टेबलाशी
मिस्टर पेट्री बसतात, सर्दी झालेले.
सगळी आणा, म्हणाले होते फोनवर, पिशवीत घालून आणा.
ते एकेक पाकीट सुरीनं कापतात,
कागद उलगडून तळहातानं सपाट करतात.
एकदाही च्-च् करत नाहीत.
त्यानंच तिला रडू येतं.
आधी छप्पर, ते म्हणतात. मग उजेड, मग ऊब.
जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो ना,
त्याला सगळ्यात शेवटी.

एकविसाव्या पाकिटात मिरेन निघाली.
शाळेच्या फोटोची प्रत, चेहऱ्यावर आडवा ‘नमुना’ छापलेला,
समोरचा दात पडलेला, तरी हसणारी.
मागणी नोंदवायची शेवटची तारीख: नऊ मे.
आता जानेवारी.
मिस्टर पेट्रींनी तो कुठल्याच गठ्ठ्यात ठेवला नाही.
शिंकले, आणि तिच्या हातात दिला.

संध्याकाळी तो फ्रिजवर लागला.
हा दात तेव्हा नव्हता, असं म्हणत
मिरेननं तो नव्या दातावर नख वाजवून दाखवला,
आणि फ्रिजचं दार उघडं टाकून, त्याच्याच उजेडात, गृहपाठ काढला.
शोनानं दार लावलं. दिवा लावला.

बावन्नातून सतरा.
दोनातून सात जात नाहीत, शोना सांगते,
मग शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यायचा.
घेतला.
आता इथे बारा झाले, दशकाचे राहिले चार.
मिरेन पेन्सिल चावते.
मग दशकाला परत कधी द्यायचा?

मीटर एकदा टिकटिकतं. एक्केचाळीस पेन्स.
शोना उत्तर देत नाही लगेच.
पाच खोडून वर चिमुकला चार लिहिलाय मिरेननं,
आणि आता, नीटनेटकं दिसावं म्हणून,
तो पुसायला रबर उचललंय.

राहू दे तो, शोना म्हणते.
कुठून घेतला, ते दिसू दे बाईंना.